झाकणाच्या आतल्या बाजूला

त्यांच्यापुढे कुठलीही वस्तू ठेवली की ते ती आधी उलटी करायचे. रिमोट, मिक्सर, टोस्टर, काहीही. पुढून ती कशी दिसते यात त्यांना काडीचा रस नसे. मागची बाजू बघायची, बोटाने स्क्रू मोजायचे आणि म्हणायचं, "झाकण उघडा, मग बोलू." एकदा वाढदिवसाच्या केकचा खोकाही त्यांनी सवयीने उचलून कलता केला होता. माझ्या बायकोने वेळीच हात घातला म्हणून केक वाचला.

त्यांचं नाव सांगत नाही. ऑकलंडच्या पूर्वेला, बॉटनी डाउन्सच्या आसपास राहणारी आम्ही दहा-बारा मराठी घरं त्यांना फोरमनकाका म्हणायचो. नगरकडच्या एका साखर कारखान्यात ते इलेक्ट्रिक फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. बायको आधीच गेलेली, म्हणून मुलाने इकडे आणलं. उंची बेताची, अंगात बिनबाह्यांचा करडा स्वेटर, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर आणि पायांत मोज्यांवर जँडल्स. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी सपाता, त्यांचा पट्टा अंगठ्यात अडकतो. मोज्यांसकट ते तो कसा अडकवत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दारात आले की "जय भीम" म्हणायचे. आम्ही "नमस्कार, या" म्हणायचो. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार घातला की मात्र त्यांना भारी आवडायचं. "हे बरंय यांचं," ते मला म्हणाले होते, "सगळ्यांना एकच." मी हसलो आणि विषय बदलला. त्या वयात मी बरेच विषय बदलायचो.

परक्या गावी मुलाकडे राहायला आलेले वडील तुम्हीही पाहिले असतील. सकाळी फिरून येतात, दुपारी खिडकीशी बसतात, आणि कुणी आलं की टीव्हीचा आवाज कमी करतात. काकाही पहिले सहा महिने तेवढंच करत होते. मग इनऑर्गॅनिक आलं.

हे काय प्रकरण ते सांगायला हवं. वर्षा-दोन वर्षांतून एकदा आमची कौन्सिल सांगते की घरातलं मोठं भंगार रस्त्याकडेच्या गवतावर काढून ठेवा, आमचा ट्रक येऊन नेईल. मग आठवडाभर सगळा रस्ता गाद्या, खुर्च्या, टीव्ही आणि जुन्या कॉम्प्युटरांनी भरून जातो. काका रोजच्यासारखे फिरायला गेले आणि दोन्ही हातांत एक-एक कॉम्प्युटर घेऊन परत आले. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पप्पा, आपण इथे कचरा उचलत नाही."

"कचरा नाही रे. बंद पडलंय. दोन्हीत फरक आहे."

मुलगा कॉम्प्युटरमध्येच नोकरीला होता, पण त्याने कॉम्प्युटरचं पोट कधी पाहिलं नव्हतं. काकांनी त्याच्या गॅरेजमध्ये दोन्ही उघडले, एकाचं काढून दुसऱ्यात बसवलं, आणि चौथ्या दिवशी त्यातला एक सुरू झाला. मुलाने तो ऑफिसातल्या मित्राला दाखवला, मित्राने आणखी कुणाला सांगितलं, आणि काकांना फोन यायला लागले. "काका, कॉम्प्युटर घ्यायचाय, पैसे बेताचे आहेत, काय करू?"

काय करायचं ते ठरलेलं असे. काका त्या माणसाबरोबर पाकुरंगाच्या एका गल्लीतल्या चिनी बाईच्या दुकानात जायचे, सुटे भाग निवडायचे आणि एका रविवारी त्याच्याच घरी बसून कॉम्प्युटर जोडून द्यायचे. मजुरी म्हणजे आल्याचा चहा आणि 'काका, तुम्ही होतात म्हणून' हे वाक्य. ते वाक्य ऐकताना ते मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर पुसायचे. आज मला स्पष्ट दिसतं की त्या देशात त्यांच्याकडे स्वतःचं असं तेवढंच होतं. तो फोन थांबला असता तर ते पुन्हा नुसते कुणाचे तरी वडील उरले असते.

आमच्यावर वेळ आली ती स्मितामुळे. स्मिता, माझी बायको, पुण्यात फार्मसिस्ट होती. इथे येऊन बेकरीत पाव पॅक करत होती. इथली नोंदणीची परीक्षा दिल्याशिवाय औषधाच्या दुकानात काम करता येत नाही, आणि पहिल्या प्रयत्नात ती थोडक्यात नापास झाली होती. अभ्यासाचं सगळं साहित्य सीडीवर आणि इंटरनेटवर. लायब्ररीत कॉम्प्युटर एका वेळी एकच तास मिळायचा. तिच्यामागे एक पोरगा कायम गेम खेळायला ताटकळत उभा. ती एक दिवस घरी येऊन म्हणाली, "घरात कॉम्प्युटर आला नाही तर मी जन्मभर पाव पॅक करीन, आणि तुला रोज ऐकवीन." यातला दुसरा भाग मला जास्त गंभीर वाटला.

माझं मन दुकानातल्या तयार कॉम्प्युटरवर होतं. बॉटनीच्या मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये एक चकचकीत दुकान होतं. अठरा महिने बिनव्याजी हप्ते, वर प्रिंटर फुकट. काकांना सहज म्हणून बरोबर नेलं आणि फसलो. ते सरळ कॉम्प्युटरच्या मागे गेले. मग वाकून विक्रेत्या मुलाला खुणेने म्हणाले की उघड.

"सॉरी मेट, उघडलं तर वॉरंटी जाईल," मी त्याचं म्हणणं मराठीत सांगितलं.

काकांनी डोकं हलवलं. "उघडल्यावर जाते म्हणजे वॉरंटी झाकणाचीच आहे. आतल्या मालाची नाही."

हे त्या मुलाला इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. मी "थँक यू" म्हणालो आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत काका म्हणाले, "साहेब, प्रिंटर फुकट नाही. मेमरी निम्मी टाकलीय, त्यातून काढलाय. पॉवर सप्लाय हलका असणार. दिसतंय ते चांगलं, न दिसणारं स्वस्त. माझ्यावर सोडा."

मी सोडलं.

चिनी बाईच्या दुकानातला तो तास मला अजून आठवतो. काकांना इंग्रजी जेमतेम, बाईचं इंग्रजी मला कळत नव्हतं, आणि मी दोघांमध्ये दुभाषा म्हणून उभा. दोन मिनिटांत दोघांनी मला बाजूला केलं. बाई किमतींच्या छापील कागदावर बोट ठेवायची, काका पेन्सिलीने खूण करायचे, बाई कॅल्क्युलेटर दाखवायची, काका "नो नो, सेम सेम, अदर कंपनी" म्हणायचे. शेवटी बाईने आतून एक पॉवर सप्लाय आणला, तो काकांच्या हातात ठेवला आणि काकांनी तो नुसता तोलला. "याला वजन आहे," ते म्हणाले. बाई पहिल्यांदाच हसली.

रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांनी कॉम्प्युटर जोडला. सुरू करण्यापूर्वी मला नळाला हात लावून यायला सांगितलं. "अंगातली वीज तिकडे सोडून या. या मेमरीला ठिणगीएवढीसुद्धा सोसत नाही." मी गेलो, नळाला हात लावला आणि सवयीने हात धुऊनही आलो. त्यांनी टॉवेल दिला आणि पुन्हा नळाकडे पाठवलं.

सगळं बसवून झाल्यावर त्यांनी जे केलं ते मात्र मी आधी कुणाकडे पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या बाजूचं झाकण त्यांनी उलटं टेबलावर ठेवलं आणि त्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटपट्टीने चिकटवला. त्यावर पट्टीने चार रकाने आखले: तारीख, दोष, उपाय, सही. पहिल्या ओळीत बारीक, गोल अक्षरात लिहिलं, 'नवीन जोडणी. दोष नाही.' आणि सही केली.

"हे कशाला, काका?"

"कारखान्याची सवय. रात्रपाळीला काही बंद पडलं की सकाळी पहिलं बोट माझ्याकडे. चूक कुणाची का असेना. वर बोलायची सोय नव्हती. मग प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आत कागद लावला. काय झालं, कशानं झालं, खाली सही. तोंडानं माणूस कायपण बोलतो, साहेब. आत लिहिताना खोटं लिहायचं नाही." त्यांनी झाकण माझ्याकडे वळवलं. "वाचा की."

"वाचतो नंतर," मी म्हणालो. फुकट प्रिंटर गेल्याचं दुःख मला अजून होतं. त्यांनी झाकण लावून स्क्रू पिळले.

आता माझ्या आईबद्दल. त्या वर्षी ती साताऱ्याहून आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती. आईचा एक धर्म होता: घरातल्या प्रत्येक यंत्राला कव्हर. साताऱ्याला आमच्या टीव्हीला झालरीचं कव्हर होतं, फ्रिजला होतं, मिक्सरला होतं, शिलाई मशीनला तर होतंच. कव्हर नसलेली वस्तू तिला उघड्या अंगाने बसलेल्या माणसासारखी वाटे. कॉम्प्युटर आल्याच्या आठवड्यातच तिने एक जुना जाड पडदा कापून हातशिलाईने त्याला झबलं शिवलं.

स्मिताने ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, इथे कुणी असली कव्हरं घालत नाही हो. राहू दे." आवाज चढवला नाही, पण त्या दोघींमध्ये तेव्हा आवाज चढवायची गरजच नसे. आईने कव्हर घडी घालून कपाटावर ठेवलं. विषय संपला असं मला वाटलं.

तीन आठवडे कॉम्प्युटर उत्तम चालला, आणि मग बंद पडायला लागला. त्याच सुमारास स्मिता इंटरनेटवरून काहीतरी उतरवायला लावून कामावर जायला लागली होती. तेव्हाचं इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, एका धड्याला दुपार लागायची. परत येऊन बघते तर कॉम्प्युटर बंद. सुरू केला की पाच मिनिटांत पुन्हा बंद. तासाभराने आपोआप ठीक. काकांना फोन केला. ते आले, उघडला, सगळं तपासलं, मेमरी काढून पुन्हा बसवली, कागदावर काहीतरी लिहिलं. दोन दिवस चालला. मग पुन्हा बंद.

काका तो उचलून आपल्या घरी घेऊन गेले आणि तीन दिवस अखंड चालू ठेवला. एकदाही थांबला नाही. आमच्याकडे आणला आणि दुसऱ्या दिवशी बंद. त्यांचा चेहरा मी पाहिला. आपल्या लेकराचा खोटेपणा पकडला गेल्यावर माणूस बघतो तसे ते कॉम्प्युटरकडे बघत होते. "माझ्याकडं चालतो. इथं का नाही चालत?" असं ते दोनदा म्हणाले, आणि ते कुणाला विचारत होते ते कळत नव्हतं.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली असताना तो असाच मधेच बंद पडला आणि स्मिताची टिपणांची फाइल उघडेनाशी झाली. महिनाभराची टिपणं. ती ओरडली नाही, रडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला लागली, आणि आमच्याकडे त्या दिवशी कांद्याचं काहीच नव्हतं. मी काकांना फोन केला आणि जे मनात होतं ते बोललो. "काका, दुकानातलाच घेतला असता तर बरं झालं असतं."

ते म्हणाले, "उद्या येतो. दिवसभर बसतो."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या कारखान्यात कामाला, स्मिता बेकरीत, घरी फक्त आई. संध्याकाळी मी आलो तेव्हा काका झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळत होते. स्मिताही नुकतीच आली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"सापडलं," काका म्हणाले. "माझीच चूक. पंखा लहान बसवला होता. गरम होत होता. आता मोठा जादा लावलाय, पुन्हा बंद पडणार नाही." मग स्मिताकडे वळले. "ताई, फाइल मी मुलाकडून काढून घेतो, तो करील. आणि एक सांगू? धूळ वाईट असते. आईंना एक कव्हर शिवू द्या. पाठीमागं खिडकी ठेवून. पण हिरवा दिवा विझला तरच घालायचं."

फोरमनने सांगितल्यावर स्मिता कव्हराला तयार झाली. मुलाने निम्म्याहून जास्त टिपणं परत मिळवून दिली. कॉम्प्युटर पुन्हा कधीच बंद पडला नाही. स्मिता पास झाली, सगळं गोड झालं. आणि मी माझ्याकडून त्यात भर घातली.

पाकुरंगाच्या शाळेच्या हॉलमध्ये आमचं दिवाळीचं जेवण होतं. कुणीतरी कॉम्प्युटर घ्यायचा विषय काढला. मला अशा वेळी राहवत नाही. मी म्हणालो, "बाजारात दोन मॉडेलं आहेत. एक दुकानातलं, एक फोरमनचं. फोरमनचं घेतलंत तर गावाकडचं लोडशेडिंग घरबसल्या, अगदी फुकट!"

हॉल हसला. सगळे त्याच लोडशेडिंगमधून उठून आलेले. विनोद चांगला होता, ही त्यातली वाईट गोष्ट. काका जिलबीच्या रांगेत कागदी ताटली घेऊन उभे होते. तेही हसले. जरा उशिरा हसले, पण हसले.

तो विनोद माझ्या आधी सगळ्यांच्या घरी पोचला. हॉविकच्या एका गृहस्थांचा कॉम्प्युटर काका पुढच्या रविवारी जोडणार होते, भागांची यादीही झाली होती. त्यांचा फोन आला, "काका, बायकोला दुकानातलाच हवाय हो." त्यानंतर दुसऱ्या कुणाचा फोन आला नाही. कुणी काकांशी वाईट वागलं असं नाही. सगळे प्रेमाने बोलायचे, 'काका, तब्येत कशी?' विचारायचे. फक्त कुणी कुठलं झाकण उघडायला बोलावत नव्हतं.

पुढच्या इनऑर्गॅनिकच्या वेळी मी गाडीतून कामाला जात होतो. काका रस्त्याकडेला एका टाकून दिलेल्या कॉम्प्युटरपाशी उभे दिसले. त्यांनी तो वळवून मागची बाजू बघितली. मग पुन्हा होता तसा सरळ करून ठेवला आणि पुढे चालू लागले. मला थांबून त्यांना गाडीत घ्यावंसं वाटलं. पण सिग्नल हिरवा झाला, मागे गाड्या होत्या, आणि कामाला उशीर होत होता.

वर्षभरात त्यांच्या मुलाला ब्रिस्बेनला नोकरी लागली. काका म्हणाले, आता तिसरा देश नको, आणि गावी परत गेले. जायच्या आधी आमच्याकडे चहाला आले होते. कॉम्प्युटरच्या मागे हात धरून वारा नीट येतो का ते पाहिलं. आईने शिवलेल्या कव्हरची खिडकी बोटाने चाचपली. "टाका बारीक आहे," म्हणाले. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचा ई-मेल आला. काका झोपेत गेले होते. मी ई-मेलला चार ओळींचं उत्तर पाठवलं.

तो कॉम्प्युटर आमच्याकडे सहा वर्षं चालला. मग आम्ही लॅपटॉप घेतला, आणि इनऑर्गॅनिकच्या आठवड्यात स्मिता म्हणाली, टाकायच्या आधी त्यातली हार्ड डिस्क काढून घे, आपले फोटो आहेत. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी ते झाकण उघडलं. सहा वर्षांत मला कधी उघडावंसं वाटलं नव्हतं, त्यासाठी काका होते.

आत कागद जसाच्या तसा होता. थोडा पिवळा पडलेला, चिकटपट्टीचा एक कोपरा सुटलेला. पहिली ओळ, 'नवीन जोडणी. दोष नाही.' मग दोन ओळी तपासणीच्या, 'दोष सापडला नाही. माझ्या घरी तीन दिवस चालू, ठीक.' आणि शेवटची, त्या दिवशीची:

'दोष: यंत्रात नाही. चालू असताना वरून जाड कापड. उपाय: कापडाला खिडकी. जादा पंखा, गरज नव्हती. बाहेर पंख्याचे सांगितले आहे.' आणि खाली सही.

मी ते गॅरेजच्या जमिनीवर बसून तीनदा वाचलं. मग साताऱ्याला आईला फोन लावला. झाकणाच्या आतल्या कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, "तुला कळलं तर."

"आई, तू कव्हर घालत होतीस?"

"अरे, स्मिता गेली की घालायची. त्याची काच काळी दिसायची, मला वाटायचं बंदच आहे. ती यायच्या आधी काढून ठेवायची. धूळ बसत होती रे, एवढी महागाची वस्तू." ती पुढे सांगायला लागली, "त्या दिवशी फोरमनभाऊ सकाळपासून त्याच्यासमोर बसून होते, मग मी कशी घालणार? जेवण झालं आणि शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना गवत कापायचं यंत्र दाखवायला बोलावलं. अर्धा-पाऊण तास तिकडं होते. मी आपलं सवयीनं घातलं. ते आत आले आणि त्यांच्यासमोरच तो टक करून बंद पडला."

"मग?"

"त्यांनी कव्हर उचललं, मागं हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. पोरीची परीक्षा तोंडावर, तिची टिपणं माझ्यापायी गेलेली. मी रडायलाच लागले. म्हटलं, आता मी कुठल्या तोंडानं या घरात राहू? तर म्हणाले, ताई, आपण दोघंही इथं पाहुणे. पाहुण्याची चूक झाली की मुलाच्या संसारात खटका उडतो. माझं काय, मी फोरमन, माझ्या हातून पंखा लहान बसू शकतो. तुम्ही डोळे पुसा आणि चहा टाका."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? इतकी वर्षं?"

"त्यांनीच नको म्हटलं होतं. आणि खरं सांगू? मला भीती वाटायची." मग म्हणाली, "तू त्यांच्याबद्दल तो विनोद केलास ना हॉलमध्ये, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

मला ते आठवत नव्हतं. आई जेवली होती की नाही याकडे माझं लक्ष नव्हतं, मी लोकांना हसवत होतो.

फोन ठेवल्यावर मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस काहीतरी करायला धावतो. मी हॉविकच्या त्या गृहस्थांना फोन लावला. त्यांना आधी काही आठवेचना.

"कोण फोरमन? अच्छा, ते झाकणवाले काका! काय छान माणूस होता हो." मग हसून म्हणाले, "पण त्यांचे कॉम्प्युटर बंद पडायचे ना?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांचा एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. आमचा सहा वर्षं चालला."

"असं?" ते म्हणाले, आणि आमच्या भागात घरांचे भाव काय चाललेत ते विचारायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता. मी कॉम्प्युटर बाहेर गवतावर नेऊन ठेवला, झाकणाशिवाय. झाकण गॅरेजमधल्या फळीवर आडवं ठेवलं. कागदावर त्यांच्या सहीखाली एक ओळ रिकामी होती. मी पेन्सिल शोधली, तारीख घातली, आणि दोषाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. उपायाच्या रकान्यात काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.